शिखरांची नावे आणि सत्तेची मोहोर

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे अधिकारग्रहणाच्या पहिल्याच दिवशी, अलास्कातील ‘डेनाली’ या शिखराला पुन्हा ‘माउंट मॅकिन्ली’ म्हणण्याचा हुकूम काढला. उत्तर अमेरिकेतील हे सर्वोच्च शिखर २०,३१० फूट उंच आहे. त्याच्या परिसरात पिढ्यान् पिढ्या नांदणारे अथाबास्कन लोक त्याला डेनाली, म्हणजे ‘उंच तो’, एवढेच म्हणत आले. १८९६ साली सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्या विल्यम डिकी नामक गृहस्थाने त्याला अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम मॅकिन्ली यांचे नाव चिकटविले. मॅकिन्ली यांनी अलास्कात कधी पाऊल ठेवले नव्हते. १९१३ साली त्या माथ्यावर सर्वांआधी पोहोचलेला वॉल्टर हार्पर मात्र अथाबास्कन मातेचा पुत्र होता!

अलास्का राज्याने १९७५ मध्येच मूळ नाव स्वीकारले. मॅकिन्ली यांच्या ओहायो राज्यातील लोकप्रतिनिधींनी ते वॉशिंग्टनमध्ये चाळीस वर्षे अडवून धरले. २०१५ साली ओबामा सरकारने ते परत दिले, त्याला दहा वर्षेही पुरती झाली नाहीत. ज्यांच्या कारकिर्दीत अमेरिकेने फिलिपाइन्स गिळंकृत केले, त्या मॅकिन्ली यांच्या राज्यविस्ताराचा गौरव या नव्या हुकमात आहे. परकी अंमल सोसलेल्या गोमंतकाला या गौरवाचा अर्थ उलगडून सांगावयास नको.

हिमालयाची कथा वेगळी नाही. ‘पंधरा क्रमांकाचे शिखर’ जगात सर्वांत उंच आहे, हे १८५२ च्या सुमारास राधानाथ सिकदार यांच्या गणिताने सिद्ध झाले. १८५६ मध्ये अँड्र्यू वॉ यांनी त्याला आपले पूर्वाधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव सुचविले. स्थानिक नाव सापडत नाही, ही त्यांची सबब. तिबेटी लोक त्याला ‘चोमोलुंग्मा’ म्हणत होते आणि वॉ यांच्याही शंभरावर वर्षे आधी चीनच्या बादशहाने करविलेल्या नकाशात ते नाव उतरले होते. आपले नाव एतद्देशीयांना उच्चारता येणार नाही, अशी हरकत खुद्द एव्हरेस्ट यांनी घेतली होती; तरीही १८६५ साली लंडनच्या भूगोल संस्थेने तेच कायम केले. ‘सागरमाथा’ हे नाव पुरातन मानण्याचीही चूक होते. इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी ते विसाव्या शतकात पुढे आणले. म्हणजे शेर्पांच्या तोंडच्या नावावर प्रथम लंडनने व मग काठमांडूने आपापली मोहोर उठविली.

हा वाद आता आपल्या सीमेवरही आला आहे. एप्रिल २०२३ मध्ये चीनने अरुणाचल प्रदेशातील अकरा ठिकाणांना परस्पर नावे बहाल केली. त्यांत पाच पर्वतशिखरे होती. २०२४ मध्ये तीस, तर मे २०२५ मध्ये सत्तावीस नावांची यादी आली. हा बारशांचा सोहळा नसून भूमीवरील दाव्याची पूर्वतयारी आहे, आणि भारत सरकारने प्रत्येक वेळी ती झिडकारली हे योग्यच झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये दिरांग येथील आपल्या गिर्यारोहण संस्थेच्या पथकाने ६,३८३ मीटर उंचीचे एक शिखर सर केले आणि तवांग परिसरात जन्मलेल्या सहाव्या दलाई लामांचे, त्सांगयांग ग्यात्सो यांचे, नाव त्याला दिले. चीनचा तिळपापड झाला. नाव त्या मातीतलेच निवडले, याबद्दल आम्ही पथकाचे अभिनंदन करतो.

परंतु यादीला यादीने उत्तर देण्याच्या भरात दिल्लीनेही लंडनचाच कित्ता गिरवू नये. अरुणाचलातील मोन्पा, आदी, मिश्मी या लोकांनी आपल्या डोंगरांना, खिंडींना, कुरणांना दिलेली नावे त्यांच्याच उच्चारांनुसार टिपून घेणे आणि सर्वेक्षण खात्याच्या नकाशांवर छापणे, हे काम तातडीचे आहे. बीजिंगच्या कागदी नावांपुढे पायथ्याच्या माणसाच्या तोंडचे नाव हाच भारताचा बळकट पुरावा आहे. तो सांगणारी वृद्ध मंडळी हयात आहेत तोवरच हे काम व्हावयास हवे.