पाटीवरील अक्षर

रस्त्याने जाणारा मनुष्य पाटी वाचीत नाही. तो ती ओझरती पाहतो. बस सुटण्याच्या बेतात असते, डोळ्यांवर ऊन असते. तेवढ्या क्षणात नजरेत भरेल तेच अक्षर त्याच्या उपयोगी पडते. म्हणूनच पाट्यांसाठी आणि मथळ्यांसाठी ठळक, उभट, अंग चोरून उभी राहणारी अक्षरे घडविण्यात आली. टोकांना नक्षी नसलेल्या रोमन अक्षरांचा पहिला नमुना लंडनच्या कॅसलन ओतशाळेने १८१६ च्या सुमारास छापला. १९६५ मध्ये जेफ्री ली यांचे ‘इम्पॅक्ट’ आले, तेही याच कुळातले. मात्र अधिक दाट आणि अरुंद. थोड्या रुंदीत मोठे अक्षर बसावे, हा त्याचा हेतू. काही रसिकांना अशी अक्षरे रांगडी वाटतात. वाटोत बापडी! पाटी म्हणजे लग्नपत्रिका नव्हे.

देवनागरीत मात्र हे काम अवघड आहे. रोमन लिपीतील मोठी अक्षरे दोन रेघांच्या मध्ये सुखाने मावतात. ‘कुर्ला’ हा शब्द पाहावा. खाली उकार, वर रफार. मग मूळ अक्षराच्या वाट्याला उंची ती किती उरणार? दुकानाच्या पाटीवरील मराठी अक्षर इतर लिपीतील अक्षरापेक्षा लहान असू नये, असा नियम महाराष्ट्रात २०२२ मध्ये झाला. नियम योग्यच आहे. परंतु आकार मोठा असला म्हणजे अक्षर वाचता येतेच असे नाही.

खरा घात होतो तो संगणकावर. पाटी अरुंद असली, की साधे अक्षर दोन्ही बाजूंनी दाबले जाते. त्यामुळे उभे दंड बारीक होतात, शिरोरेखा मात्र होती तेवढीच जाड राहते. वर ते ठळक केले, की अक्षरांची पोटे बुजतात. ‘ब’ आणि ‘व’ यांतील भेद मावळतो. ‘ष’मधील तिरपी रेघ बुजून त्याचा ‘प’ होतो. अपरात्री औषधाचे दुकान शोधणाऱ्याला ‘औषधालय’ हा शब्द चाचपडत वाचावा लागला, तर ती पाटी कोणाच्या कामाची? हाताने पाट्या रंगविणारा जुना रंगारी जोडाक्षर आले की त्याला थोडी जागा मोकळी करून देई. यंत्राला ती दयामाया नाही.

अरुंद अक्षर दाबून होत नाही, ते नव्याने रेखाटावे लागते. असे काम झालेलेही आहे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये ‘टेको’ आणि ‘खंड’ हे अरुंद देवनागरी टंक सर्वांना विनामूल्य दिले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘अनेक’ हा टंक २०२२ मध्ये आला, त्यात अरुंदापासून ऐसपैस अक्षरापर्यंत हवी ती रुंदी निवडता येते. एवढे असता दाबलेली अक्षरे टांगणे हा निव्वळ आळस होय. जागा अपुरी पडली तर पाटीवरील चित्र गाळावे, दूरध्वनीचा क्रमांक गाळावा. आणि पाटी पक्की करण्यापूर्वी दुकानदाराने एकदा रस्ता ओलांडून पलीकडून ती पाहावी. ‘ष’मधील रेघ दिसत नसेल तर ती उतरवून पुन्हा करून घ्यावी.