गुड मॉर्निंग, पण कुणाची?

मंडळी, आधी एक हिशेब करा. काल सकाळी जाग आल्यापासून मोबाइल हातात येईपर्यंत किती वेळ गेला? मिनिटं नाही, सेकंद मोजा. अलार्म मोबाइलमध्येच असतो, त्यामुळे तो बंद करायला म्हणून हात जातो आणि बंद करता करता रात्री ११ वाजून ५६ मिनिटांनी बॉसने टाकलेला मेसेज दिसतो. झालं! अजून चूळही भरलेली नाही आणि आपण मनाने ऑफिसात पोहोचलेले. शरीर मागून ७.४२ च्या फास्टने येतं.

यावर हल्ली जो तो उपाय सांगत असतो. पाचला उठा, कोमट पाण्यात लिंबू पिळा, २० मिनिटं ध्यान, १५ मिनिटं प्राणायाम, १२ सूर्यनमस्कार, दहा पानं वाचन, तीन ओळींची डायरी... या यादीत वाईट काहीच नाही. पण सगळं मिळून दीड तास होतो. रात्री साडेबाराला झोपलेल्या माणसाने पाचला उठून दीड तास शांत होत बसायचं म्हणजे तो वेळ झोपेतूनच कापायचा. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी, असं डॉक्टर मंडळी कधीपासून कानीकपाळी ओरडताहेत. साडेबारा अधिक सात म्हणजे साडेसात. गणित तिसरीतलं आहे, बॉस! शिवाय यादी आली की टिकमार्क आले आणि एक टिकमार्क चुकला की दिवसभर चुटपुट आली. ऑफिसात एक टार्गेट पुरत नाही म्हणून घरी दुसरं?

मला या प्रश्नाचं जरा वेगळं उत्तर दिसलं ते फर्दापूरला. सोयगाव तालुक्यातलं हे अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचं गाव. छत्रपती संभाजीनगरहून (म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादहून) जळगावच्या रस्त्याने साधारण १०० किलोमीटर. लेणी उघडतात सकाळी नऊला. त्याआधी कुणाचीही ओळख चालत नाही. आपली गाडीसुद्धा थेट लेण्यांपर्यंत जात नाही. ती फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावायची आणि शेवटचे चार किलोमीटर बसने जायचं. धुराने लेण्यांचं नुकसान होऊ नये म्हणून ही सोय.

आता मुक्कामाला आलेला शहरी माणूस सवयीने सहा-सव्वासहाला उठतो, आवरतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की नऊपर्यंत करायला काहीच नाही! मॉल नाही, मीटिंग नाही, ट्रेन नाही. पहिली पंधरा मिनिटं तो मोबाइल घेऊन येरझाऱ्या घालतो. मग चहा मागवतो. मग दुसरा चहा. डोंगराच्या कडेवर ऊन यायला लागतं तोवर मोबाइल शेजारच्या खुर्चीत पालथा पडलेला असतो आणि साहेब नुसते बघत बसलेले असतात. एकाच सकाळी मी हे तीन-चार खुर्च्यांवर पाहिलं. यातल्या कुणीही शांत होण्याचा कोर्स केलेला नव्हता. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता, एवढंच.

ही पर्याय नसण्याची गोष्ट लेण्यांमध्ये गेल्यावर आणखी पटते. पर्यटक पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर गर्दी करतात (करायलाच हवी), पण माझं लाडकं लेणं १२ नंबरचं. चित्रं नाहीत, मूर्ती नाही. हा भिक्खूंचा राहण्याचा विहार, दोन हजार वर्षांहून जुना. मधे मोकळी जागा, तीन बाजूंना मिळून १२ खोल्या आणि प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले दोन ओटे. झोपायला. बास. कपाट नाही, कोनाड्यात चार्जर नाही. भिक्खूच्या मालकीच्या वस्तू परंपरेने आठ. तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. विनयाच्या नियमांत दात घासायच्या काडीपासून विहार झाडण्यापर्यंत बारीकसारीक गोष्टी ठरवून दिलेल्या आहेत. भिक्षा मागून आणलेलं अन्न दुपारच्या आत खायचं, नंतर जेवण नाही. म्हणजे बघा, सकाळी उठल्यावर काय घालू, काय खाऊ, आधी काय करू यातलं काही ठरवायचंच नव्हतं. कपाट उघडून दहा मिनिटं ‘घालायला काहीच नाही’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी १२ नंबरच्या ओट्यापाशी जरा उभं राहून यावं.

आपल्याकडेही हे फार जुनं नाही. ज्यांच्या घरी आकाशवाणी लागायची त्यांना आठवेल. ‘मंगलप्रभात’ लागलं की आंघोळीचा नंबर, बातम्या लागल्या की डबे भरायचे आणि एखादं गाणं संपेपर्यंत वेणी झाली नाही तर शाळेला उशीर. रेडिओची गंमत अशी की तो पुढे सरकवता येत नव्हता. सगळं घर त्याच्या चालीने चालायचं आणि कुणाला घड्याळ बघावं लागायचं नाही.

घड्याळावरून आठवलं. जानेवारीत फर्दापूरला सूर्य उगवतो सातच्या आसपास. मुंबईत त्याहूनही उशिरा. आपली प्रमाणवेळ ठरते ती साडेब्याऐंशी अंशाच्या रेखावृत्तावर, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळच्या रेषेवर. आपण तिच्या पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, या हिशेबाने सूर्याच्या दृष्टीने फर्दापूर घड्याळाच्या २७ मिनिटं मागे आणि मुंबई ३९ मिनिटं मागे. १९०६ साली देशाला एक प्रमाणवेळ मिळाली तेव्हा मुंबईकरांनी याच कारणावरून कुरकुर केली होती आणि ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत वापरात राहिला होता. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला डोळे उघडत नाहीत म्हणून स्वतःला आळशी म्हणू नका. तुमच्या गावात तेव्हा खरंच रात्र असते! शरीरातलं घड्याळ उजेडावर लागतं. ते आतून कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. सकाळी दहा मिनिटं गॅलरीत, खिडकीत किंवा गच्चीवर उजेडात उभं राहणं हा त्या सगळ्या लिंबू-डायरीच्या यादीतला सगळ्यात स्वस्त आयटम आहे आणि माझ्या मते सगळ्यात कामाचाही.

आता जरा अडचणीचा मुद्दा. १२ नंबरच्या लेण्यातला भिक्खू शांत होता, कारण त्याला चूल पेटवायची नव्हती. पण चूल पेटत होतीच की! गावात कुणीतरी उठून दळत होतं, रांधत होतं, म्हणून त्याच्या पात्रात घास पडत होता. त्यात लपवाछपवी नव्हती. तो रोज पात्र घेऊन दारात उभा राहत होता, कुणाच्या हातचं खातो हे त्याला दिसत होतं.

आपल्या घरी मात्र हे दिसत नाही. ‘माझं मॉर्निंग रुटीन एकदम सॉर्टेड आहे’ असं ऑफिसात सांगणाऱ्या दहा मुलग्यांना विचारा, डबा कोण भरतं? आई, बायको किंवा सातला बेल वाजवणाऱ्या मावशी. त्या मावशी स्वतःच्या घरचा स्वयंपाक उरकून किती वाजता निघाल्या असतील, हा हिशेब तर आपण करतच नाही. सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. पुरुषांपैकी जे घरकाम करतात त्यांचा ९७. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत दोन्हीकडून नऊ-दहा मिनिटं गेली, दरी जवळपास होती तेवढीच! मुलगा गॅलरीत डोळे मिटून बसलाय आणि आत कुकरची तिसरी शिट्टी होतेय, एका हाताने पोळी उलटत दुसऱ्या हाताने कुणीतरी त्याचाच रुमाल शोधतंय, हे दृश्य अनेक घरांत रोज असतं. नोकरी करणाऱ्या मुलींचं तर विचारूच नका. त्यांना ध्यानाचं अॅप सुचवणाऱ्याला आधी कणीक मळायला बसवावं.

म्हणून माझं म्हणणं, रुटीनमध्ये काही वाढवायच्या आधी घरातलं एक काम कायमचं आपल्या नावावर करून घ्या. ‘मदत करतो’ म्हणू नका. मदत म्हटली की लक्षात ठेवायचं काम परत तिच्याकडेच. सकाळचा चहा, पाण्याच्या दिवशी पाणी भरणं, दूध तापवणं, मुलाची बाटली, काहीही चालेल. पण ते आठवण न करता व्हायला हवं. चहा करणाऱ्याला एक फायदाही आहे. आधण उकळेपर्यंतची पाच मिनिटं त्याची एकट्याची असतात. मोबाइल दुसऱ्या खोलीत असेल तर.

मोबाइलचं एक सोपं आहे. चार्जर हॉलमध्ये ठेवा आणि उशाशी साधं, टिकटिक करणारं गजराचं घड्याळ आणा. ‘इमर्जन्सीला फोन आला तर?’ असं सगळेच विचारतात. रिंग मोठी ठेवा, हॉल काही पंढरपूरला नसतो.

उरलेली सकाळ आदल्या रात्रीच सोपी होते. कपडे काढून ठेवणं, बॅग भरणं, भाजी चिरून डब्यात घालून फ्रीजमध्ये टाकणं, गाडीची किल्ली तिच्या खिळ्यावर. वीस मिनिटांचं काम, दोघांनी केलं तर दहा. नाश्ता आठवड्याचा ठरवून टाका. सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा, कंटाळा आला तर रविवारी बघू. रात्रपाळीवाल्यांनी यातलं घड्याळ विसरावं आणि क्रम तेवढा धरावा. तुमची सकाळ दुपारी बाराला होत असेल तर होऊ दे, उजेड, चहा, मग मोबाइल. लहान मूल असलेल्या घरांना मात्र मी काही सांगणार नाही. तिथे वर्षभर निभावून न्या, बास.

तर आज झोपायच्या आधी उद्याचा चहा कुणाचा एवढं ठरवून टाका. आणि फर्दापूरला जाणार असाल तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात. आदल्या संध्याकाळीच पोहोचा आणि सकाळी नऊची पहिली बस मिळाली तर सरळ १२ नंबर गाठा, तिथे तेव्हा सहसा कुणी नसतं.