तृतीया विभक्ति

आमच्या अंधेरीच्या पूर्वेस ‘सीप्झ’ नांवाचें निर्यातीच्या कारखान्यांचें आवार आहे. तेथें दागिन्यांत हिरे बसविणारा आमचा एक जुना विद्यार्थी परवां भेटावयास आला होता. ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेनें भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांपर्यंत चढविली, तेव्हां मागण्या रोडावल्या आणि आठवड्यांतील कांहीं दिवस त्यास घरीं बसावें लागलें. तो म्हणाला, “गुरुजी, दुसऱ्या देशांशीं करार होत आहेत, आतां काम येईल, असें सारे म्हणतात. पण त्या करारांत आमचें नांव कोठें असतें?”

प्रश्न साधा, पण उत्तर सोपें नव्हे. हें आवार १९७३ सालीं इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठीं स्थापन झालें. पुढें रत्नालंकारांसहि तेथें मुभा मिळाली. १ मे २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीशीं झालेला करार अमलांत आला आणि भारतीय दागिन्यांवरील तेथील ५ टक्के जकात उठली. अशा करारांत वस्तूच्या कुलगोत्राची चौकशी मोठ्या बारकाईनें होते: ती उपजली कोठें, तिच्यावर संस्कार झाले कोणत्या देशांत! ती घडविणाऱ्या श्रमिकाविषयीं मात्र या करारांत स्वतंत्र प्रकरण नाहीं. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड व लिख्टेनस्टाइन या चार देशांशीं झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलांत आला. त्यांत श्रमिकांच्या हक्कांचा उल्लेख आहे, हें एक पाऊल पुढें खरें. परंतु तें वचन मोडल्यास लवादाकडे जाण्याची वाट नाहीं. ज्याच्या भंगास प्रायश्चित्त नाहीं, तो नियम नव्हे, सुभाषित होय.

व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर, करारांत देश हा कर्ता, माल हें कर्म, आणि कामगार हें केवळ करण. ‘लेखणीनें लिहिलें’ यांतील लेखणी जशी, तसा तो. परंतु तृतीया ही एकट्या करणाची विभक्ति नव्हे; कर्मणि प्रयोगांत ती कर्त्याचीहि असते. ‘कारागिरानें अंगठी घडविली’ या वाक्यांत कारागीर हत्यार नव्हे, कर्ता आहे. तीस वर्षें वर्गांत हाच भेद आम्ही मुलांस शिकवीत आलों.

विद्यार्थ्यास आम्हीं तेंच सांगितलें. तो हंसला व म्हणाला, “पण गुरुजी, बुडालेल्या दिवसांची मजुरी कोणत्या विभक्तींत मागावयाची?”

जकातीच्या कोष्टकाशेजारीं त्या मजुरीचीहि एक ओळ जोंवर लिहिली जात नाहीं, तोंवर आमच्यापाशीं उत्तर नाहीं.