पडद्यावरचा आकडा कोणाचा?

केशोरीच्या परिसरात खरिपाचा धान निघाला की शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचा निवाडा तळहातापेक्षाही लहान अशा काचेवर होतो. ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा हा एलसीडी पडदा. त्यावर १७ टक्क्यांपर्यंतचा आकडा उमटला तर धान सरकारी खरेदीस पात्र. वर गेला तर पोती परत न्यायची, पुन्हा वाळत घालायची, नाहीतर व्यापाऱ्याला पडेल भावात द्यायची. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने साधारण धानास क्विंटलमागे २,३६९ रुपये आधारभूत किंमत जाहीर केली. किंमत दिल्लीत ठरते. ती पदरात पडेल की नाही हे मात्र या काचेवर ठरते.

यंत्राला विरोध करणे म्हणजे समाजवाद नव्हे. जुन्या तराजूची दांडी किती सफाईने मारली जात असे, हे अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. प्रश्न एवढाच की नवा आकडा वाचण्याचा अधिकार कोणाला?

एलसीडी स्वतः प्रकाश देत नाही. दोन काचांमधील द्रवस्फटिकाचा थर विजेच्या दाबानुसार प्रकाश अडवतो किंवा सोडतो. म्हणूनच तो लहानशा सेलवर दीर्घकाळ चालतो. प्रत्येक अंक सात रेघांचा, तोही इंग्रजी वळणाचा. काचेला विद्युतमंडळाशी जोडणाऱ्या रबरी पट्टीत धूळ वा दमटपणा शिरला की एखादी रेघ उमटेनाशी होते. वरची आडवी रेघ गेली तर ७ चा १ होतो, मधली गेली तर ८ चे शून्य. तसाच पडदा वजनकाट्यावर असेल तर ४०.८ किलोचे पोते ४०.० दिसेल. ओलाव्याच्या १७ चे ११ झाले तर चूक शेतकऱ्याच्या फायद्याची, हेही खरे. परंतु न्याय अशा योगायोगावर सोडावयाचा नसतो. शिवाय पडदा हा केवळ निरोप्या. आतले मापनच बिघडलेले असेल तर तो स्वच्छ, ठसठशीत अक्षरांत खोटे सांगेल.

हे तंत्रज्ञान आपल्याला परके नव्हते. नागपूर विद्यापीठात शिकलेले शास्त्रज्ञ एस. चंद्रशेखर यांनी १९७१ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभारली. तिच्या ज्ञानाच्या आधारे भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कारखान्यात असे पडदे तयार झाले. ती परंपरा वाढविण्याऐवजी पुढे खाजगी भांडवलाची मनधरणी सुरू झाली. २०२१ मध्ये केंद्राने अर्धवाहक व पडदे यांच्या उत्पादनासाठी ७६ हजार कोटींची योजना आखली. २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला की गुजरातला, यावर महाराष्ट्रात रणे माजली, आणि २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेरच पडली. धान मोजणाऱ्या यंत्राचा विचार त्या गदारोळात कोणी केला नाही.

इलेक्ट्रॉनिक काट्यांची दरवर्षी पडताळणी व मुद्रांकन करण्याचे बंधन २००९ च्या वैधमापन कायद्याखालील नियमांत आहे. कार्यकर्त्यांनी खरेदीच्या पहिल्याच दिवशी ते प्रमाणपत्र पाहण्यास मागावे. अनेक यंत्रे सुरू होताना क्षणभर सर्व रेघा उजळून ८८८८ दाखवतात. त्या क्षणी शेतकरी पडद्यासमोर उभा असला पाहिजे, ऑपरेटरच्या पाठीमागे नव्हे. पडदा त्याच्याकडे वळलेला असावा, आणि आकडा अमान्य असल्यास त्याच ढिगातील दुसरा नमुना दुसऱ्या यंत्रावर, त्याच्यादेखत मोजला जावा. एवढ्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.