हळदीचा पिवळेपणा मोजताना

हळदीचा पिवळा रंग प्रामुख्याने कर्क्युमिन आणि त्याच्या दोन भावंडांचा. औषधी गुणांची ख्यातीही बरीचशी त्यांचीच. सांगलीच्या बाजारातला पारखी हळकुंड मोडून गाभा पाहतो. प्रयोगशाळेत तेच हळकुंड दळून अल्कोहोलमध्ये भिजवतात, गाळतात आणि अर्कातून सुमारे ४२५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश सोडतात. शोषण जितके जास्त, तितके रंगद्रव्य जास्त. मात्र हा आकडा तिघांची बेरीज असतो, आणि भेसळीचा मेटॅनिल यलोही त्यात बेमालूम मिसळतो. तिघांचा वेगवेगळा हिशेब हवा असेल तर एचपीएलसीसारखी (द्रव क्रोमॅटोग्राफी) घटक वेगळे करणारी पद्धत लागते. उजेडात कर्क्युमिन विटते, म्हणून अर्क तपकिरी बाटलीत ठेवावा लागतो. अल्कलीत ते लाल होते. हळदीचे कुंकू होते ते यामुळेच.