पाठ आहे, पण वाचता येतं का?

माझी नात 'क' ते 'ज्ञ' घडाघडा म्हणायची आणि मी मुरगूडच्या आमच्या गल्लीत मिरवायची. एकदा पाटीवर 'मगर' लिहिलं, तर बाईसाहेब गप्प!

मग जुन्या लग्नपत्रिका कापल्या. 'म'वर मसूर, 'ग'वर गहू, 'र'वर रवा चिकटवला. ती बोट फिरवत म्हणाली, म... ग... र... पत्ते जवळ सरकवले, तशी ओरडली, "मगर!" जागा बदलून 'गरम'ही वाचलं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही परिसरातल्या साध्या वस्तू घेऊनच.

मैत्रिणींनो, पाठांतराला आपण टाळ्या देतो, अन् मूल पहिलीत अडतं. महागडे तक्ते राहू देत. रोज दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा.