अजिंठ्याची पायपीट आणि दोन रात्रींचे जागरण

श्रावणाच्या सरी सुरू झाल्या की आमच्या परभणीत सहलींचे बेत शिजू लागतात. आपला जिल्हा म्हणजे गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठची काळी, सपाट जमीन. डोंगर म्हणायचा तर जिंतूरकडचा, नेमगिरीचा. त्यामुळे कडे, लेणी आणि धबधबा असे तिन्ही एकाच फेरीत पाहायचे ठरले की गाडी अजिंठ्याकडे वळते. त्यात वावगे काहीच नाही. चालण्याइतका स्वस्त आणि गुणकारी व्यायाम दुसरा नाही, असे आम्ही डॉक्टर मंडळी एरवी कानीकपाळी ओरडत असतोच. माझी तक्रार आहे ती ‘एका दिवसात जाऊन येऊ’ या चार शब्दांविषयी.

हिशेब मांडून पाहा. जिंतूर, मंठा, जालना, भोकरदन, सिल्लोड या मार्गाने अजिंठ्याची लेणी अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतात. चहापाण्याला थांबत गेले तर सहा तास सहज लागतात. लेणी उघडण्याच्या वेळेला पोचायचे म्हणून मंडळी रात्री अडीच-तीनला घर सोडतात. घरातील बायका त्याआधी दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी करीत बारापर्यंत ओट्याशी उभ्या असतात. मग दिवसभर चढउतार, संध्याकाळी पाचला परतीचा प्रवास आणि घरी पोचेपर्यंत मध्यरात्र. एक दिवसाची म्हणून ठरवलेली सहल ही वास्तविक दोन रात्रींची जागरणे असतात. मागच्या बाकावर बसलेल्यांना निदान डुलकी तरी मिळते. गाडी चालवणाऱ्याचे काय?

झोप ही चैन नाही, ती मेंदूची गरज आहे. सलग सतरा-अठरा तास जागा असलेला माणूस दारूच्या थेंबालाही शिवलेला नसला, तरी त्याचे हातपाय आणि निर्णय यांचा वेग मंदावतो. १०० मिलीलीटर रक्तात सुमारे ५० मिलीग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका तो मंदावतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याने घातलेली मर्यादा ३० मिलीग्रॅमची आहे. त्यातही पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळी शरीराची घडी आपोआप झोपेकडे झुकते. चहा, तंबाखू किंवा मोठ्या आवाजातली गाणी यांवर ती भागत नाही. डोळे उघडे असतानाही मेंदू दोन-चार सेकंद मिटतो. ताशी सत्तरच्या वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत जवळजवळ साठ मीटर पुढे गेलेली असते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की परभणीकरांनी अजिंठा एका दिवसात करूच नये. शनिवारी दुपारी निघून सिल्लोड, फर्दापूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे मुक्काम करावा. फर्दापूरला पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थानही आहे. रविवारी चालावे, पुन्हा मुक्काम करावा आणि सोमवारी दिवसाउजेडी परतावे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हेही लक्षात असू द्यावे. ‘डॉक्टरसाहेब, मुक्कामाचा खर्च परवडत नाही’ असे लोक म्हणतात. ते खोटे नाही. पण मग वर्षाआड जावे, किंवा संभाजीनगरला पाहुण्यांकडे उतरावे. मराठवाड्यात कोणाचे तरी कोणी तरी तेथे असतेच!

आता पायपिटीविषयी. साध्या डोंगरावर चढ आधी आणि उतार नंतर असतो. अजिंठ्याला उलटे होते. समोरच्या कड्यावरील व्ह्यू पॉइंटवरून खाली वाघूर नदीपर्यंत पायऱ्यांची वाट आहे. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी पलीकडच्या कड्यातील लेणी दिसली, ती याच अंगाने. येथून उतरताना सगळेच ताजेतवाने असतात. गाडी वर ठेवली असेल, तर तोच उभा चढ दुपारी थकल्या पायांनी चढावा लागतो. त्यापेक्षा ड्रायव्हरने मंडळींना वर सोडून घाटाने गाडी फर्दापूर फाट्यावर न्यावी, आणि आपण लेणी पाहून तेथील बसने चार किलोमीटरवरच्या फाट्यावर यावे. पावसात ती वाट खुली आहे का, हे कर्मचाऱ्यांना विचारल्याशिवाय उतरू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी हा उतार टाळावा, कारण चढताना दम लागतो, पण गुडघ्यांवर भार पडतो तो उतरताना. त्यांनी फाट्यावरूनच बसने यावे आणि गरज वाटल्यास डोली करावी. डोलीत बसायला आपल्याकडील ज्येष्ठांना उगाच लाज वाटते.

बेत आखताना सर्वांत धीम्या माणसाचे पाय धरावेत. तरुण पोरे पुढे पळतात, आजी मागे एकट्या राहतात आणि नेमके पाणी पुढच्यांच्या पिशवीत असते. प्रत्येकाचे पाणी प्रत्येकाजवळ हवे, माणशी निदान दोन-तीन लिटर. पाऊस असला म्हणून घाम येत नाही असे नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, एवढाच फरक. पोटऱ्यांत गोळे आले तर सावलीत बसावे आणि जलसंजीवनी घ्यावी. पुडीवर लिहिलेल्या मापानेच ती कालवावी. अर्धी पुडी अंदाजाने टाकणे नको.

मधुमेहाचे रुग्ण सहलीला हौसेने येतात, पण सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन नाश्ता मात्र ‘तिथे गेल्यावर’ करतात. चालण्यानेही साखर उतरते. हात थरथरणे, दरदरून घाम, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसताच साखर द्यावी. ती खिशातच असावी. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, तेव्हा जाड मोजे घालावेत आणि रात्री तळवे उजेडात तपासावेत. बधिर पायाला खडा रुतलेला कळत नाही. मोतीबिंदू असलेल्यांनी उन्हातून लेण्याच्या अंधारात शिरताना दाराशी दोन मिनिटे थांबावे. चढताना छातीत दाब आला आणि थांबल्यावर गेला, तर तो ‘गॅस’ समजू नये. तेथूनच परत फिरावे आणि कार्डिओग्राम काढून घ्यावा.

उरला धबधबा. दरीच्या टोकाशी वाघूर सात टप्प्यांनी खाली येते, म्हणून त्याला सप्तकुंड म्हणतात. तो लांबूनच पाहावा. नदीचे पाणी आपल्या डोक्यावरच्या पावसाने चढत नाही, वरच्या पठारावर पडलेल्या पावसाने चढते. त्यामुळे खाली ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते पोहायला खोल पाण्यात उतरले नव्हते. धबधब्याच्या वाहत्या पाण्यात उभे असताना लोंढा आला. पाणी गढूळ झाले, काड्या-पाने वाहू लागली, आवाज वाढला, की चपला-डबे तेथेच टाकून काठ गाठावा. कुंडाचे पाणी पिऊ तर मुळीच नये. सहलीनंतरच्या आठवड्यात दवाखान्यात जुलाबाचे रुग्ण येतात, त्यांना ‘झऱ्याचे पाणी’ फार गोड लागलेले असते.

कड्यांना आग्या मोहोळे असतात. उदबत्ती, धूम्रपान, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. अंगावर आल्या तर तोंड झाकून पळावे, पाण्यात उडी मारू नये. साप चावल्यास कापणे, आवळून बांधणे यात वेळ न दवडता तो अवयव न हलवता रुग्णाला सरकारी रुग्णालयात न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दरीत मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून एक माणूस वर पळवावा.

शाळांच्या मुख्याध्यापकांना एक विनंती. सहलीच्या परवानगीचा कागद पालकांकडे पाठवता, त्यावर बस किती वाजता निघणार आणि किती वाजता परतणार, हे लिहिलेले असते. त्याखाली आणखी एक ओळ वाढवावी: चालक आदल्या रात्री कोठे झोपणार आहे.